योहान मास्तरांचे आगाऊ आभार

आमचे योहान मास्तर देवाचे आभार आधी मानायचे आणि गोष्ट मग घडायची. निदान घडायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं!

एकदा सौंसरहून पांढुर्ण्याला येताना मोहगावजवळ बस बंद पडली. ड्रायव्हर इंजिनात डोकं खुपसून बसलेला, आम्ही सगळे उन्हात उभे. मास्तरांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले, "हे प्रभू, बस चालू केल्याबद्दल तुझे लय लय आभार. येशूच्या नावानं, आमेन!"

"गुर्जी, कुठं चालू झाली?" कंडक्टर चिडून म्हणाला.

"झालीच समजा!"

मग आम्हीच घामाघूम होऊन बस ढकलली आणि ती सुरू झाली. माझं डोकं फिरलं. "मास्तर, ढकलली आमी, आन् आभार त्याचे?"

"मंग तुमाले ढकलाची ताकद कोणं देल्ली?"

आता या माणसाशी काय वाद घालणार, सांगा!

मी त्यांच्याच शाळेत शिकवायचो आणि शेजारच्याच घरात राहायचो. भिंत एकच. त्यामुळे मास्तरांची प्रार्थना म्हणजे आमच्या घराचं घड्याळ. चूल पेटायच्या आधी गरम चहाचे आभार. निकाल लागायच्या आधी सगळी पोरं पास झाल्याचे आभार. आमच्या संत्र्याच्या झाडांना अजून फूलही नव्हतं, तेव्हा कुंपणाशी उभं राहून त्यांनी फळांचे आभार मानले. त्या वर्षी संत्री इतकी लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. पुढच्या वर्षी माझ्या बायकोनं गुपचूप त्यांच्याकडे हळदीकुंकवाचे लाडू पाठवले आणि निरोप दिला, "मास्तर, या सालचे आभार राहिले बरं का!"

पण एका गोष्टीचे आभार ते रोज मानायचे आणि ती काही होत नव्हती. त्यांची बायको, रूथबाई, नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायची, रविवारी संध्याकाळी परत जायची. उंच, चटपटीत, मोजकं बोलणारी बाई. मूलबाळ नव्हतं. बाकीचे दिवस मास्तर आणि त्यांचं घर. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात बदलीसाठी बाईंनीच अर्ज केलेला होता. "रूथची बदली केल्याबद्दल आभार, प्रभू," हे रोज पहाटे भिंतीतून ऐकू यायचं.

आणि मग राज्यांची वाटणी झाली. नागपूर गेलं मुंबई राज्यात, आम्ही राहिलो मध्यप्रदेशात. कालपर्यंत राजधानी दोन-तीन तासांवर होती, आता म्हणे भोपाळ! बाजारात, शाळेत, पानाच्या ठेल्यावर दुसरा विषय नाही. मी मास्तरांना समजावलं, "अजी मास्तर, आता त्या राज्यातली बाई या राज्यात कशी येईल?"

"प्रभूले का राज्य वेगळं आहे? झालंच समजा!"

आणि मास्तर कामालाच लागले की हो! घराला चुना फासला. नवी बाज विणून घेतली. एका शनिवारी सकाळी गल्लीभर पेढे वाटले, "आज अर्जाचा निकाल आहे. रूथ आता कायमची येऊन राहिली." आम्ही टिंगल करणारे लोक, पण उत्साह असा चढला म्हणता! लग्नातले बँडवाले आले, शाळेची पोरं लेझीम घेऊन आली, बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. स्टेशनमास्तर विचारत होते, "कोण मंत्री येऊन राहिले बाप्पा?"

गाडी आली. बँड वाजला. रूथबाई उतरल्या, हातात नेहमीची लहानशी पिशवी.

ट्रंक नव्हती, वळकटी नव्हती. बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अर्ज नामंजूर झाला. त्यायचं म्हणणं, राज्य बदललं."

बँड आपोआप थांबला. मास्तर म्हणाले, "असं." एवढंच.

रविवारी सकाळी भिंतीतून आवाज आला नाही. माझी बायको चहा गाळता गाळता थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मला करमेना. संध्याकाळी मी पिशवी धरायच्या निमित्तानं त्यांच्याबरोबर स्टेशनवर गेलो.

गाडी लागली. मास्तरांनी टोपी काढली, डोळे मिटले. आवाज मात्र त्यांचा वाटेना.

"प्रभू, आज आभार नाही. लेकरू मागतलं होतं तुले, तू नाही देल्लं. तवापासून मी काईच मागतलं नाही. मागाचं भेवच वाटते. म्हणून आभारच मानत राहिलो. पण आज मागून राहिलो. इले घरी राहू दे. मले एकट्यानं राहवत नाही."

मी मान फिरवली.

रूथबाईंचा एक पाय डब्याच्या पायरीवर होता. त्या वळल्या आणि अशा कडाडल्या की हमाल थबकले. "अजी, हे मले कधी सांगतलं का तुमी? इतके वर्षं मी वाट पाहून राहिली, हा माणूस कधी राहा म्हणते का म्हणून! बदली झालीच म्हणून आभार मानत राहिले तुमी; मले वाटे, ह्यायचं एकट्याचं बरं चाललं आहे!"

गार्डनं शिट्टी दिली. मी ओरडलो, "वहिनी, गाडी!"

"जाऊ द्या, भाऊजी." त्यांनी पाय खाली घेतला आणि माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. "नोकरीचं मी पाहीन. पांढुर्ण्यात का बायका बाळंत होत नाहीत?"

गाडी हलली. एकेक डबा पुढून गेला आणि फलाट रिकामा झाला. बाई आमच्यासमोर उभ्याच! मला इतका आनंद झाला की बँडवाल्यांना परत बोलवावंसं वाटलं. मी मास्तरांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच गोष्ट आधी घडली होती. आता हा माणूस स्टेशन दणाणून सोडणार, अशी माझी खात्री होती.

पण कुठलं काय! लहान पोरासारखे ते हुंदके देत होते. रूथबाईंनी त्यांच्या हातातली टोपी घेतली, त्यांच्या डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाल्या, "चला घरी. भाजी आणाची आहे."