सात, दोन, एक

गेल्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी, चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं, तेव्हा आमच्या शेजारच्या नानांनी दहा हंडे भरले आणि त्यांतले सात अंगणातल्या केळीसाठी काढून ठेवले.

त्यांच्या ओट्यावर दोन पिंपं आणि एक माठ होता. त्यांवर खडूनं लिहिलेलं असे: शेती, उद्योग, घर. शेतीला सात हंडे, उद्योगाला दोन, घराला एक. "बठ्ठं जग असंच शे," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणत; सगळं जग असंच आहे. माणूस नदी-विहिरींतून जेवढं गोडं पाणी उचलतो, त्याची वाटणी साधारण अशीच होते, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते खरं आहे.

नाना मूळचे पिंपळनेरचे. नोकरी भुसावळजवळच्या वीज केंद्रात, यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपावर झाली. म्हणून उद्योगाचे दोन हंडे कूलरमध्ये जात. दुपारभर ते त्याच्यासमोर डोळे मिटून बसत. संध्याकाळी केळीच्या बुंध्याला कान लावत. "चढी राहिनं," ते हळूच म्हणत; पाणी वर चढतंय. एकदा मीही कान लावला. बुंधा गार होता. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तसेच उभे होतो.

घराचा हंडा दुसऱ्याच दिवशी संपे. मग नाना टॉवेल घेऊन आमच्या दारात.

"नाना, आमचं घर जगात येत नाही का?" माझी बायको विचारी.

"येतं ना, ताई. म्हणून तर आलो."

मे महिन्यात नानांना नाशिकहून फोन आला, तेव्हा मी त्यांच्या ओट्यावरच होतो. नानांची एकुलती एक मुलगी सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिची आई सहा वर्षांपूर्वी वारली. फोनवर सुनंदाच्या सासूबाई होत्या.

"तुमच्याकडे चार-चार दिवस पाणी नसतं म्हणे. बाळाचं कसं व्हायचं? राहू दे तिला इथंच."

"मी करतो काहीतरी," नाना म्हणाले.

पुढच्या पाण्याला त्यांनी दहाही हंडे घरात नेले. मग ओल्या फडक्यानं खडूची अक्षरं पुसली.

"नाना, शेती?" मी विचारलं.

"थांबी."

"आणि उद्योग?"

"तोबी थांबी. पोर थांबस का?"

कूलर बंद झाला. केळीची पानं कडेनं वाळली. सासूबाईंना मात्र दर पाण्याला फोन जाई: आज एक पिंप भरलं, आज दुसरं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुनंदा आली. नानांनी तिला दारातच थांबवलं आणि तिच्या पायांवर पाणी ओतायला सुरुवात केली.

"नाना, बास. वाया जातंय."

हंडा रिकामा होईपर्यंत ते ओतत राहिले.