चूल पेटायच्या आधी

केरबाअण्णांच्या खानावळीत जेवायला बसलं, की ताटाच्या आधी प्रश्न यायचा.

"पावणं, वर बघा. त्या बाईच्या हातातल्या बाटलीत काय हाय?"

नवखा माणूस गडबडून वर बघायचा. भिंतीवर अंबाबाईचं कॅलेंडर, आणि शेजारी काचेच्या फ्रेममध्ये तीन रंगीत चित्रं. पहिल्यात दगडांच्या आडोशाला पडलेला जखमी शिपाई आणि त्याच्या तोंडाला बाटली लावणारी एक खेडवळ बाई. दुसऱ्यात तीच बाई चुलीपुढं, मडक्यात कोंबडी शिजवताना. तिसऱ्यात ती मडकं घेऊन पायांच्या चवड्यांवर उभी, नजर डोंगराकडं. सगळी माणसं चिनी.

"पाणी असेल," पाहुणा म्हणायचा.

"पानी! खाली लिवलंय की, आसपास पान्याचा थेंब न्हाय म्हणून. जेवा गुमान."

मी तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवायचो. सडाफटिंग माणूस, दोन्ही वेळचं जेवण अण्णांकडं. चीनच्या लढाईला बारा-तेरा वर्षं झाली होती. अण्णांनी एकदा फळीवर अंथरायला रद्दी आणली, त्यात गुळगुळीत कागदाचं एक चिनी मासिक निघालं. छपाई हिंदीतली. मी भूगोलाचा, म्हणजे चीन माझ्याच अखत्यारीत, असं समजून अण्णा ते माझ्याकडं घेऊन आले. मी शहाण्यासारखं वाचून दाखवलं, आणि तिथंच फसलो.

त्यांच्या आपसातल्या जुन्या लढाईच्या काळातल्या एका कथेवरून चिनी लोकांनी बॅले बसवला होता. खेड्यातली एक बाई जखमी शिपायाला डोंगरात लपवते, जगवते, एवढी हकिकत. पुढचं पान कुणीतरी फाडून नेलेलं.

"बॅले म्हणजे नृत्यनाट्य, अण्णा. कुणी बोलत नाही. नाचून गोष्ट सांगतात."

"जखमी मानसापुढं नाचंल व्हय ही?" अण्णा उखडले. "मास्तर, तुमी डोंगर-नद्याच शिकवा. पाय वाजू नये म्हणून चवड्यावर चाललीया. दुश्मन आसपास हाय."

मी आठ दिवस समजावलं. खास बूट असतात, लहानपणापासून शिकावं लागतं, सगळं सांगून झालं. काही उपयोग नाही. तोवर अण्णांनी मासिकातली ती तीन चित्रं कापून, काचेत बसवून भिंतीवर लावलीसुद्धा. एकदा हुपरीचा एक चांदीवाला जेवता जेवता म्हणाला, "बाईच्या पायात पैंजण न्हाईत की वो!" त्यावर अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "आता ह्यास्नी समजवा. पैंजण वाजवत मानूस लपवत्यात व्हय?"

पण बाटलीचं कोडं काही सुटेना. अण्णांची शंका स्वयंपाक्याची होती आणि खरं सांगायचं तर बिनतोड होती. चूल दुसऱ्या चित्रात पेटते. मग पहिल्या चित्रात बाटलीत काय? कुणी ताक म्हणालं, कुणी काढा. एकजण दारू म्हणाला, त्याला दुसऱ्यांदा पांढरा रस्सा मिळाला नाही. अण्णांना स्वतःला वाटायचं, आदल्या दिवशीची अळणी असणार, बिनतिखटाचं ते कोंबडीचं पाणी आजाऱ्याला देतात ना, ते. मग स्वतःच मान हलवायचे. "पन आदल्या दिशी हा गावलाच न्हवता. मग अळणी कुनासाठी केलती?"

दुसरा एक प्रश्न होता, तो मात्र ते गिऱ्हाइकांना विचारत नसत. मी पेपर तपासायला पुण्याला निघालो, की हळूच जवळ यायचे. "मास्तर, तेवढं पुढचं पान बघा. ते पोरगं जगतंय का न्हाय, तेवढंच."

एका दुपारी तालमीतली तीन-चार पोरं तावातावानं आत आली. "अण्णा, चिन्यांनी आपली मानसं मारली, आन् तुमी त्यांची चित्रं लावताय? काढा ती."

अण्णा तवा सोडून आले. मला वाटलं, आता काही पोरांची धडगत नाही. ऐन उमेदीत अण्णा कुस्ती खेळलेले. पण ते शांतपणे म्हणाले, "मारनारा येगळा, पाजनारी येगळी. आमचा दत्तू तिकडंच ऱ्हायलाय. त्याला कुनीतरी पाजलं असंल का न्हाय?"

पोरं खाली मान घालून निघून गेली.

दत्तू म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. तो झाला आणि चौथ्या दिवशी आई गेली. अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे. तान्ह्याला पंच्यात गुंडाळून गल्लीभर हिंडायचे, ज्या घरी लहान मूल असेल तिथं हाळी द्यायचे, "मावशी, तुझ्या बाळाचं झालं का? आता आमच्याला घे की." पाच बायकांनी त्याला पाजलं. दत्तूचं जरा काही चांगलं झालं, की पाचहीजणी म्हणायच्या, माझ्या दुधाचा गुण. त्याला वाढवता वाढवता अण्णांचं लग्न राहूनच गेलं. पुढं दत्तू पलटणीत गेला आणि चीनच्या लढाईत बेपत्ता झाला. मेला असं कुणी कळवलं नाही आणि तो आलाही नाही.

त्यानंतर मात्र मी पान मनापासून शोधायला लागलो. पुण्यातल्या फुटपाथवरचे सगळे जुने पुस्तकवाले पालथे घातले. तिसऱ्या खेपेला तोच अंक मिळाला, अख्खा. एसटीत बसून वाचला आणि वाटलं, हा मिळाला नसता तर बरं झालं असतं.

दुपारी तीनला खानावळ रिकामी होती. मी अंक समोर ठेवला.

"अण्णा, बाटलीत दूध होतं. त्या बाईचं स्वतःचं. घरी तिचं तान्हं मूल होतं. पाणी कुठं मिळेना आणि हा तर जिवानिशी चाललेला. मग तिनं आपलं दूध काढून त्याला पाजलं."

अण्णा बाकावर बसले. हातातली पळी तशीच. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"तिथंबी एक घावली म्हणा की त्याला," ते म्हणाले. "जगला?"

"जगला. हे बघा, चालतोय."

"चालतोय." त्यांनी बोट त्या शिपायाच्या पायावर ठेवलं. "मग?"

"बरा होऊन पलटणीत परत गेला. बाई निरोप देतेय."

"आन् घराकडं?"

मी पान उलटलं. पुढं ट्रॅक्टरचे फोटो होते.

"ते दाखवलं नाही, अण्णा."

"दाखवाय पायजे हुतं की वो," अण्णा म्हणाले. "एवढं चवड्यावर नाचाय येतंय, आन् घराकडं चालत आलेला दाखवाय येईना?"

मी अंक मिटला. अण्णा उठले, फ्रेम खाली काढली आणि पंच्यानं काचेवरचा तेलकट धूर पुसला. "बाईची काय चूक न्हाय," ते म्हणाले. "तिनं हुतं ते दिलं." फ्रेम पुन्हा होती तिथं लागली.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी मुरगूडहून नोकरीला आलेला एक तरुण जेवायला बसला. मी सवयीनं वर बघितलं आणि प्रश्नाची वाट बघत राहिलो. अण्णांनी त्याच्यासमोर ताट ठेवलं, वाटी काठोकाठ भरली आणि तिथंच उभे राहिले.

"पावणं," ते म्हणाले, "घरी पत्र घालतासा न्हवं?"