मथुराबाईंच्या माहेरपणाची आणि विमानाची हकीकत

श्रीगजानन समर्थ. समुद्रास आणि सासुरवाशिणींस साक्ष ठेवून लिहिले ऐसे जे, शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरी, वैशाखमासी, एका राज्यी (नाव पुसो नये, आम्हांस तेथेच नांदणे आहे) माडबंदर आणि कुंभेरी ऐसी दोन बंदरे होती. माडबंदरी महाराज राहात आणि त्यांची कन्या मथुराबाई कुंभेरीच्या देसायांघरी दिली होती. मध्ये खाड्याच खाड्या, वळसेच वळसे, आणि सडक ऐसी की दीड दिवसात माणसाची हाडे खिळखिळी व्हावी. म्हणोन रिवाज पडला की, लेक एवढी शिणून आली तर पंधरवडाभर राहविल्याविना माघारी धाडू नये. राणीसाहेब वर्षभर त्या पंधरवड्यावर जगत.

महाराजांस लेकीचे हाल पाहवेनात. मग त्यांणी विमान आणविले, आणि कुंभेरीस तोंडात घातलेला विडा माडबंदरी उतरतानाही रंगत असे. महाराज मिशीस पीळ देऊन बोलिले, "आम्ही अंतर मारिले!" तोफा झाल्या, पेढे वाटिले, आणि मथुराबाई पहिल्याच विमाने सकाळी आल्या, आणि मागोमाग सासूबाई भागीरथीबाईंची तार आली की, "आता काय, शेजारच्या आळीत गेल्यासारखेच. जेवून संध्याकाळी परतावे." मथुराबाई पाटावरच रडू लागल्या, "आई, न्हालेले केससुद्धा वाळले नाहीत गो!" मग राणीसाहेब महाराजांवर कडाडल्या, "वा! मोठे पराक्रमी! पंधरा दिवस लेक कुशीत निजत होती, ती तुम्ही चहापुरती केलीत!" महाराज पुटपुटले, "तिचे हाल वाचावे, इतकेच मनी होते." "हाल वाचले. लेक गेली," ऐसे बोलून राणीसाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला. हुकुमाने तोफा थांबतात, बायकांचे रडणे नाही, हे महाराजांस त्या दिवशी कळले.

आता दैवगती पाहावी. भागीरथीबाईंचेही माहेर माडबंदरीच. वृद्ध बंधूंस भेटावे म्हणोन त्या ज्येष्ठमासी विमाने निघाल्या, संगे लोणच्याची बरणी, पापडांचा डबा आणि पंधरवड्याची लुगडी. बंधू दारी उभे, पायांवर पाणी पडते न पडते तोच यजमान देसायांची तार, "संध्याकाळी पिठले गरम पाहिजे. विमान आहेच. परतावे." भागीरथीबाई कडाकडा बोटे मोडून "मेलं ते विमान!" म्हणाल्या आणि परतल्या. दार सुनेने उघडिले, पाटावर बसविले. मग सासूबाईंचा बांध फुटला, "सूनबाई, भाऊ माझा धड दोन शब्द बोललाही नाही गो! तुला मी अस्संच बोलावून घेतलं ना?" आणि दोघी पोटभर रडिल्या, आणि सकाळी सासूबाईंनी गाडी जुंपविली. "आम्ही दोघी सडकेने जाणार. हाडं मोडली तर मोडोत."

माडबंदरी गाडी येताच राणीसाहेब धावल्या, "वाटेत खड्डे होते का गो?" "पुष्कळ!" मथुराबाई कण्हत हसल्या. "देव पावला!" पंधरवडा यथासांग झाला. पुढे कारभारी सडक दुरुस्तीची परवानगी मागो आले, तो महाराज गरजले, "खड्ड्यास हात लावाल तर खबरदार!"

ऐसे वर्तमान घडले. विमान बहुधा रिकामे उडते, देसाई आपल्या हाते पिठले शिजवितात, सडक आहे तैसीच आहे. लिहिणाराची लेकही कुंभेरीस दिली आहे. ती काल आली, अंग ठणकते म्हणते. ईश्वर सडकेस ऐसेच ठेवो.