तुळपुळे आणि सहा ओळींचा प्लँटर

महिन्यातून एकदा तरी तुळपुळे मला माझ्याच घरात, माझ्याच गालिच्यावर, दोन्ही हात पसरून उभं करायचे. "हलू नका गद्रे. तुम्ही आता प्लँटर आहात," असं म्हणून ते जमलेल्या पाहुण्यांकडे वळायचे. मग माझे दोन्ही हात वर, छताकडे. "ही झाली उभी घडी." मग तेच हात समोर, झोपेत चालणाऱ्या माणसासारखे. "आणि ही पुढची घडी. आता तुम्हीच सांगा, बरी कुठली?" पाहुणे बिचारे पावभाजी खायला आलेले. ते माझ्या बायकोकडे, सुजाताकडे बघायचे. सुजाता खिडकीबाहेर बघायची. आतून आमची मुलगी ओरडायची, "मम, डॅड इज बीइंग अ ट्रॅक्टर अगेन!"

"ट्रॅक्टर नव्हे गं, प्लँटर," तुळपुळे प्रेमाने दुरुस्ती करायचे.

प्लँटर म्हणजे मक्याचं बी ओळीने, ठरावीक अंतरावर, एकेक करून टोकणारं यंत्र. ते ट्रॅक्टरच्या मागे लावतात. सहा-आठ ओळी एका वेळी पेरायच्या तर यंत्र चांगलंच रुंद लागतं, आणि एवढं रुंद धूड रस्त्यावरून किंवा शेताच्या फाटकातून जात नाही, म्हणून त्याचे दोन्ही बाजूंचे पंख घडी करून मिटता येतात. हे ज्ञान मला आहे याचं मला मनापासून दुःख आहे. मी फार्मासिस्ट आहे. तुळपुळेही फार्मासिस्टच. ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे आम्ही शेजारी शेजारी उभे असायचो आणि राहायलाही माउंट वेलिंग्टनला एकाच गल्लीत होतो. तुळपुळ्यांची शेतीवाडी म्हणाल तर मागच्या दारी कोथिंबिरीचा एक वाफा. त्यातलीही निम्मी गोगलगाई खायच्या.

पण नव्वदच्या दशकातली मधली दोनेक वर्षं या गृहस्थाने जुन्या, घडीच्या प्लँटरांची तुलना करण्यात घालवली, आणि सोबत माझीही घालवली. कामावर गोळ्या मोजायच्या ताटलीत पॅरासिटामॉल ओतायचे आणि म्हणायचे, "हे बघा, बोटांचा प्लँटर दाणा असा चिमटीत धरतो. हवेचा असतो तो ओढून धरतो. एका जागी दोन दाणे पडले की डबल डोस. पडलाच नाही तर पेशंट उपाशी." तोवर वॉर्डातून सिस्टरचा फोन वाजून वाजून थकलेला. तो मी घ्यायचा. मग ताटली बाजूला सारून तुळपुळे नेहमीचं वाक्य टाकायचे, "अर्थात दाणा ही नंतरची गोष्ट. मूळ मुद्दा घडीचा आहे." मूळ मुद्दा घडीचा असेल तर गोळ्या कशाला सांडल्यात, हे विचारायची सोय नव्हती.

शनिवारी माझी स्टेशन वॅगन घेऊन वायकाटोकडे निघायचं. माझीच, कारण त्यांच्या गाडीला म्हणे कच्चे रस्ते सोसत नाहीत. तिकडे कुणी शेती सोडली की क्लिअरिंग सेल लागतो. सगळी अवजारं कुरणात ओळीने मांडतात आणि लिलाव करतात. तिथे टाय लावलेले तुळपुळे गुडघ्यांवर बसून प्लँटरखाली शिरायचे. "यू राइट देअर, मेट?" असं कुणी शेतकऱ्याने विचारलं की खालून माओरी नमस्कारासकट आवाज यायचा, "किया ओरा! डज द ऑपरेटर हॅव टू गेट डाउन?" घडी करताना माणसाला ट्रॅक्टरवरून उतरावं लागतं का, एवढंच त्यांना हवं असायचं. शेतकरी गिऱ्हाईक समजून चहा द्यायचे, जुन्या यंत्रांचं पुराण लावायचे आणि शेवटी विचारायचे, "सो, वेअर डू यू फार्म?" "ओ नो," तुळपुळे हसून म्हणायचे, "आय वर्क इन अ हॉस्पिटल." त्यानंतरची शांतता मला एकट्याला सोसावी लागायची.

हे सगळं कशासाठी चाललंय ते आम्हाला ठाऊक होतं. माझी खरी चिडचिड त्याचीच होती. त्यांचा निखिल ड्यूनेडिनला फार्मसी शिकत होता. एका सुट्टीत तो मॉरिन्सविलजवळ एका मक्यावाल्याकडे कामाला गेला आणि परत कॉलेजात गेलाच नाही. बापलेकांत जेवणाच्या टेबलावर जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून निखिलचा फोन आला की तुळपुळे एक शब्द न बोलता रिसीव्हर बायकोच्या हातात द्यायचे. पुढे वहिनींनीच आम्हाला सांगितलं, "निखिल आता स्वतःचं काम सुरू करतोय. जुनं यंत्र बघतोय. एकटाच असतो हो तो रानात. ह्यांना मी बोलले, तर म्हणाले, माझा काय संबंध?" आणि संबंध नसलेला हा माणूस पुढच्याच शनिवारी माझ्या गाडीत येऊन बसला.

"अहो, सरळ फोन करा ना त्याला," मी एकदा वैतागून म्हटलं.

"कोणाला?" तुळपुळे म्हणाले. "मी एक यांत्रिक तुलना करतोय, गद्रे."

त्यातच एका सेलला एक लंगडणारा म्हातारा शेतकरी भेटला. त्याने अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. उभ्या घडीचा प्लँटर होता. पंख वर उचललेला होता, पण अडकवायची पिन त्याने घातली नव्हती. तो खाली वाकला आणि हायड्रॉलिकचं तेल गळून पंख त्याच्या पायावर आला. आसपास कुणी नव्हतं. तुळपुळ्यांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. परतताना ते ऑकलंड येईपर्यंत गप्प बसले. इतके दिवस मी याच शांततेसाठी आसुसलो होतो, पण तेव्हा मात्र ते काहीतरी बोलतील तर बरं, असं मला वाटलं.

मग तो शनिवार आला. सेलमध्ये सहा ओळींचा, उभ्या घडीचा एक प्लँटर होता. तुळपुळे त्याच्याखालून बाहेर आले ते तोंड कडू करून. "उजवी पिन झिजलीय. भोकही मोठं झालंय. कधीही निसटेल. हा फुकट दिला तरी घेऊ नये." एवढं बोलून ते एकदम थांबले. गर्दीच्या पलीकडे गमबूट आणि टोपी घातलेला निखिल उभा होता. लिलाव सुरू झाला आणि त्याने बोली लावली.

"जा, सांगा त्याला!" मी म्हटलं.

"माझं ऐकून तो उलट हट्टाने घेईल."

"मग मी सांगतो."

"नको. मी तुम्हाला पाठवलं असं वाटेल त्याला."

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात माझ्या शेजारचा हात वर गेला. निखिलने बोली वाढवली. हात पुन्हा वर. मी तुळपुळ्यांची बाही धरून ओढली, तर त्यांनी दुसरा हात वर केला. पलीकडे निखिल टाचा उंचावून बघत होता, हा कोण उपटसुंभ म्हणून. शेवटी त्याने मान हलवली आणि लिलाववाला ओरडला, "सोल्ड! टू द जेंटलमन इन द टाय!"

माउंट वेलिंग्टनला दोन खोल्यांच्या युनिटात राहणारा, पार्किंगला एकच जागा असलेला माणूस सहा ओळींच्या प्लँटरचा मालक झाला होता.

निखिल गर्दीतून वाट काढत आला. "बाबा? व्हॉट आर यू डूइंग? यू लिव्ह इन अ युनिट!"

"त्याची पिन झिजलीय," तुळपुळे म्हणाले.

"आय नो. आय वॉज गोइंग टू फिक्स इट."

"कधी? पेरणी झाल्यावर?"

बापाला उत्तर ठाऊक आहे हे निखिलला कळलं. टायवर ग्रीसचा डाग, गुडघ्यांना चिखल लागलेल्या वडिलांकडे त्याने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वेल, यू कान्ट टेक इट होम," तो म्हणाला. "माझ्या शेडमध्ये ठेवू."

"नवी पिन बसेपर्यंत त्याच्याखाली कुणी जायचं नाही."

"फाइन. देन कम अँड वॉच मी डू इट. आईला फोन करू, राहा आज तिकडेच."

निखिल ट्रॅक्टर आणायला गेला. तुळपुळे प्लँटरला टेकून उभे राहिले. मी मनात म्हटलं, सुटलो. आता हा माणूस आणि त्याची यंत्रं, सगळं त्याच्या मुलाकडे. घरी जावं, पाय पसरून टीव्ही बघावा. मी किल्ल्या काढल्या, तर तुळपुळे माझ्याजवळ आले. दोन वर्षं अखंड माझे कान खाल्लेला तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "गद्रे, मी वाटेत त्याच्याशी काय बोलू?"

मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"काय म्हणजे? प्लँटरबद्दल बोला," मी म्हटलं.

"त्याला कंटाळा नाही ना येणार?" तुळपुळ्यांनी विचारलं.