शेगाव ते मडगाव, अंगणातल्या अंगणात

आमचे शेजारी वानखडेसाहेब दर रविवारी सकाळी नऊ वाजता आपली पांढरी मोटार अंगणातल्या फळ्यांवर चढवतात, चारही चाकांना लाकडी पाचर लावतात, दोरखंडानं आवळून बांधतात आणि शेगावहून मडगावला निघतात. साडेदहाला परत येतात. मोटार मधल्या वेळात तसूभरही हललेली नसते.

तुम्हाला हसू आलं असेल तर हसा, पण तुमच्या आधी मी हसून घेतलंय. कारण या गाडीचा गार्ड मीच. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस हातात हिरवा रुमाल धरून फाटकाजवळ उभा असतो. आमची बायको म्हणते, "चला, रिटायर झाल्यावर तुमाले काहीतरी काम तं लागलं."

साहेब बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. नोकरी संपली, पण खिशातली टेप काही सुटली नाही. लग्नाला गेले तर आधी मांडव मोजतात, मग अक्षता घेतात. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी माझा दिवाण मोजला, मग दार मोजलं आणि म्हणाले, "गुरुजी, हा दिवाण ह्या दारातून अंदर आलाच कसा?" तेव्हापासून मलाही त्या दिवाणावर नीट झोप लागत नाही. कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच सवाल असतो, "मोजून पाह्यलं काय?"

कोकणात रेल्वेनं प्रवाशांच्या मोटारी वाहून नेणारी गाडी सुरू केली, ही बातमी त्यांच्या वाचण्यात आली आणि साहेब पेटले. अशी गाडी शेगावहूनही सुटली पाहिजे! त्यांची लेक मडगावला असते. साहेबांनी स्टेशनावरचा मालधक्का मोजला, आरसे मिटून मोटार मोजली, आरसे उघडून पुन्हा मोजली. माझं अक्षर वळणदार आहे असं कोणी म्हटलं की मी कुठलंही काम अंगावर घेतो, म्हणून अर्ज मी लिहिले. असे अकरा झाले. प्रत्येकावर पहिली सही माझी, 'एक मोटारधारक' म्हणून. माझी मोटार दसऱ्याला हार घालण्यापुरती बाहेर निघते. एकदा मी ती जवळच्याच खामगावपर्यंत नेली होती. येताना भाच्यानं आणली आणि मी एसटीनं आलो.

रेल्वे कधीही हो म्हणेल, तेव्हा आपली तयारी असावी, म्हणून रविवारची ही तालीम. साहेब स्टिअरिंगवर आणि शेजारच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन सुमनवहिनी. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत आहे. "भाऊजी, शिट्टी जोरात मारा. तुमच्या शिट्टीनं कुत्रंही उठत नाही," असं मला दर रविवारी ऐकावं लागतं.

एके दिवशी मोबाईलवर वाचता वाचता मला खजिनाच सापडला. त्या गाडीत मोटारी मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर असतात आणि माणसांना वेगळ्या डब्यात बसावं लागतं. मोटारीत कोणालाही बसू देत नाहीत! दोन वर्षांत वादात साहेबांना हरवायची ही पहिलीच संधी. मी चपला न घालताच पळालो.

"साहेब, मोटारीत बसू देत नाहीत म्हणते!"

"मोजून पाह्यलं काय?" ते सवयीनं म्हणाले. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी दोनदा वाचलं आणि फळीवर बसले.

"सगळं मोजलं गुरुजी," ते म्हणाले. "मानूस कुठी बसते, थे विचाराचंच राह्यलं."

"मंग बसा डब्यात! त्यात काय बिघडलं?" फळ्यावरचं चुकलेलं गणित खोडताना माझा जो आवाज लागायचा, तोच लागला.

तेव्हा ते हळू आवाजात बोलले. लेकीकडे जायला म्हणून मागं वहिनींना स्टेशनवर नेलं होतं. चार जणांनी खुर्चीसकट उचलून डब्यात चढवताना खुर्ची कलंडली, पदर सुटला. भोवती माणसं बघत उभी राहिली. "तवापासून म्हणते, मले पोत्यावानी उचलू नका. मोटारीत कशी, माह्या खांद्यावर हात ठेवून आपल्या पायानं येते. एवढ्या लांब रस्त्यानं न्याले डॉक्टर नाही म्हणते, गचके सोसत नाहीत. मले वाटलं, घरच्या अंगणात बसाचं अन् पोरीच्या दारात उतराचं. मंधात कोनी हात लावाचा नाही. पोरीचं घर पाह्यलं नाही हो तिनं अजून."

अकरा अर्ज लिहिले मी, आणि हे एकदाही विचारलं नव्हतं. माझी मला लाज वाटली.

"मोटारीत बसू देत नाहीत, थे तिले सांगू नका," साहेब म्हणाले. "रविवारची वाट पाह्यते थे."

बारावा अर्ज मी कोणी न सांगताच लिहिला: आजारी माणसाला आपल्या मोटारीतच बसून जाऊ द्यावं. आणि रविवारी पावणेनऊलाच रुमाल घेऊन हजर झालो. साहेबांनी दोर बांधले. वहिनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पावलं मोजत आल्या, सीटवर बसल्या, डबा मांडीवर घेतला. मी शिट्टी मारली. आज तिला कोणी नावं ठेवली नाहीत.

मग वहिनी काचेतून म्हणाल्या, "भाऊजी, आज गाडी हालून नाही राह्यली."

ती कधीच हलली नव्हती. मी रुमाल खिशात घातला, मागं गेलो, डिकीवर दोन्ही हात टेकले आणि मोटार हळूहळू डोलवायला लागलो.

"भुसावळ गेलं," साहेब समोर बघत म्हणाले.

"आस्ते आस्ते जाऊ द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मले माहीत आहे सारं. पोचाची घाई नाही."

साहेबांनी स्टिअरिंगवरचा हात काढून त्यांच्या हातावर ठेवला. माझी कंबर मनमाडलाच गेली होती, पण मडगाव येईपर्यंत मी थांबलो नाही.