"येतंय" या एका शब्दापायी देवबागी माजल्या रणाची हकीकत

श्रीभगवतीचे कृपेने, खाडी आणि दर्या यांमधील वाळूवर वसल्या देवबाग मुक्कामी जे रण माजले, ते कोणी विचारले नसताही यथास्थित लिहितो.

राजमान्य राजेश्री बाबलीराव, तीन खोल्यांच्या होमस्टेचे अधिपती, पाहुण्यांचे फोन उचलता उचलता जेरीस आले, आणि मालवणाहून संगणकविद्यानिपुण नम्रताबाईंस पाचारण करोन एआय एजंट नामे अदृश्य कारभारी चाकरीस ठेविला. मग त्यास दोन जातींचे हुकूम जाहले. एक वेळेचा, की रोज सकाळी मासळीचा भाव पुसावा. दुसरा वर्दीचा, की मोबाईलवर "येतंय", म्हणजे मालवणी बोलीत "मी येतो", हा शब्द येताच पाहुणा निघाला ऐसे समजोन, कोणाची परवानगी न घेता मासळी मागवावी, पाहुण्यास आवडनिवड पुसावी आणि मुदपाकखान्यास फर्मान धाडावे. शब्द खुद्द बाबलीरावांनी निवडिला. नम्रताबाईंनी पुनःपुन्हा खातरजमा केली, तरी हट्ट सोडिला नाही.

आता या मुलखात निघताना "जातंय" म्हणणे अभद्र. जाणारा इसमही "येतंय" म्हणोनच जातो. हे यंत्रास ठाऊक नव्हते, आणि बाबलीरावांस ठाऊक असोन सुचले नाही. रविवारी पाहुण्यांची तीन कुटुंबे माघारी फिरली, तिन्हींनी मालवणी शिकल्याच्या तोऱ्यात वाटेवरोन "येतंय" लिहिले, आणि मासळीवाल्या नुरुद्दीनमियांकडील सुरमईच्या पाट्या दारी येऊन थडकल्या. मग बाबलीरावांच्या कुटुंबाने, सारिकाबाईसाहेबांनी, घाम गाळोन ताटे वाढिली, आणि जेवावयास काळे कुत्रे फिरकले नाही.

"घरात एकतर ह्यां यंत्र ऱ्हवात, नायतर मी!" ऐसे बजावोन बाईसाहेब शिरोड्यास माहेरी कूच करत्या जाहल्या. बाबलीरावांचा धीर खचला. संसार मोडतो की काय ऐसे भय पडले.

इकडे बाईसाहेबांचा राग मोठा, परंतु निघताना बोलावयाची रीत सुटेना; एसटीत बसोन घरच्या नंबरावर लिहिले, "येतंय." यंत्राने तत्क्षणी उत्तर धाडिले, की आपण येत आहा, आम्हांस फार आनंद आहे, जेवणात काय आवडेल? लग्न जाहल्यापासोन हा प्रश्न त्यांस कोणी केला नव्हता. डोळे भरोन आले. मग त्यांनी लिहिले, "तिसऱ्यांचा सुका. दुसऱ्या कोणी रांधलेला," आणि कुडाळास उतरोन परतीची गाडी धरिली.

फर्मान मुदपाकखान्यात पावले. तेथे बाबलीरावांवाचोन कोणी नव्हते. पाहुणा कोण, हे न जाणता त्या शिंपल्यांच्या सुक्यापायी त्यांनी विळीवर बोट कापोन घेतले, दोन वेळा खोबरे करपविले, आणि ताट वाढावे तो दारी खुद्द बाईसाहेब!

बाईसाहेब जेवल्या. मग पुसिले, "जेवणाचा माका तुमी विचारलास?"

खोटे बोलावयाचा मोका नामी होता, परंतु बाबलीरावांस तेही साधेना. म्हणाले, "नाय गो. यंत्रान."

"मगे यंत्र ऱ्हवांदे. तुमचा काय ता बघूया."

येणेप्रमाणे तह जाहला. वर्दीचा हुकूम रद्द करोन वेळेचा नवा हुकूम जारी केला, की दर बुधवारी यंत्राने बाईसाहेबांस आवड पुसावी आणि फर्मान बाबलीरावांस धाडावे. फत्ते आपल्या नावे लिहावी ऐसा बाबलीरावांचा आग्रह पडला, सबब तैसी लिहिली. बाईसाहेबांनी हरकत घेतली नाही. मीठ कमी पडले, इतकेच कळविले.