दादारावकाकांनी प्रोजेक्टर पारखला

दादारावकाका मिठाईच्या दुकानात गेले की वरचा पेढा कधी घेत नाहीत. परातीच्या तळातला उकरायला लावतात. "वरचा माल दाखवाचा रायते, खालचा खावाचा," असं त्यांचं म्हणणं. उभा जन्म रिसोडच्या बाजारात सोयाबीनची अडत केलेला माणूस. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय त्यांना माल दिसतच नाही. लेकीसाठी मुलगा पाहायला गेले, तेव्हा बाकीचे बैठकीत पोहे खात होते आणि हे मुलाकडच्यांच्या न्हाणीघरात डोकावून आले होते.

मी त्यांचा शेजारी आणि शाळेत मास्तर. माझ्या घरी मोठा टीव्ही आहे, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला जाणकार ठरवलं. "मास्तर, घरात टाकीज बसवाची हाय. पण परवडन अशी!"

कारण मला ठाऊक होतं. कौसल्याकाकूंच्या डोळ्यांचा पडदा कमजोर झाला होता. चष्म्यानं भागणार नाही, जेवढं मोठं तेवढंच ओळखू येईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. टीव्हीवरची माणसं ओळखू येईनात, तशी काकूंनी मालिका सोडल्या. कंटाळा आला म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. काकांना ते बघवत नव्हतं.

"भिंतीएवढं केलं तं दिसन ना तिले?" त्यांनी विचारलं. मला कुठे माहीत!

सलीमभाईंच्या दुकानात आम्ही पोचलो. त्यांनी लगेच एक प्रोजेक्टर लावून भिंतीवर पोपट आणि धबधबे सोडले. काकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "हा वरचा माल झाला. मधातला दाखवा." मग डब्यावरचे लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचून म्हणाले, "हे बोलाचं हाय का मोजाचं?"

मला एक काळा, चकचकीत प्रोजेक्टर फार आवडला होता. सलीमभाई म्हणाले, "काका, हा फोर के सपोर्ट करते."

"सपोर्ट मंजे?"

"मंजे फोर केचा, एकदम साफ पिक्चर घेते, पन दाखवते आपल्याच हिशोबानं."

"मंजे पाव्हण्याले दारात येऊ देता, पंगतीत बसवत नाही!"

मग काकांनी खिशातून सुतळी काढली. घरची भिंत ते पलंगाची उशी, एवढं तिचं माप. दुकानात ती उलगडली तर दुसरं टोक बाहेर नालीवर गेलं. दुकान तोकडं, शिवाय उजेड. "चला माह्या गोडाउनवर!" काका म्हणाले. आणि सलीमभाई काळा आणि पांढरा, असे दोन प्रोजेक्टर मांडीवर घेऊन खरंच माझ्या गाडीवर मागे बसले.

गोडाउनचं शटर ओढलं. भर दुपारी गच्च अंधार, समोर चुन्याची भिंत. धान्याच्या काट्यावर प्रोजेक्टर मांडले. काकांनी लेकीच्या लग्नाची चित्रफीत आणली होती, तीही मांडवातल्या अंधुक उजेडातली. ती सुरू झाल्यावर काकांनी गळ्यातला दुपट्टा दुहेरी करून स्वतःच्याच डोळ्यांवर बांधला.

"शेठ, पिक्चर पाहून राह्यले का झोपून राह्यले?" एका हमालानं विचारलं.

"तिले असंच दिसत असन बाप्पा," काका म्हणाले. मग कोणी हसलं नाही.

काळ्या प्रोजेक्टरवर त्यांना स्वतःची लेकही ओळखू आली नाही. सलीमभाईंनी पांढरा, साधासुधा लावला आणि दुपट्ट्याआडून आरोळी आली, "हा मामा! हे विहीणबाई! अन् हा जावई, पहा कसा घामाघूम झाला!" हमालांनी टाळ्या वाजवल्या. किंमतही काळ्याहून कमी निघाली. माझ्या जाणकारीची शोभा झाली ती झालीच, पण मीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी काकांच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावून आम्ही लग्न सुरू केलं. काकू आधी उठायलाच तयार नव्हत्या. कशाबशा बसल्या, पदरानं डोळे पुसून भिंतीकडे पाहू लागल्या. काकांचा जीव टांगणीला लागलेला.

"थो मामा व्हय ना?" काकू अचानक म्हणाल्या. "अन् हे माही पोरगी! कशी रडून राह्यली पहा!"

"दिसलं! दिसलं तिले!" काका ओरडले आणि बाहेर जाऊन सगळ्या गल्लीला सांगून आले. निवडणूक जिंकलेला माणूसही एवढा फुलत नाही.

ते परत आले तर काकू म्हणाल्या, "आता तुमाले दाखवा."

"मी तं इथंच हावो."

"इथं नाही दिसत मले. भिंतीवर दाखवा."

बाजार दणाणून सोडणारे काका एकदम लाजले. आत जाऊन केस विंचरून आले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला आणि भिंतीवर टाकला. काकू उठून जवळ गेल्या. डोळे बारीक करून त्यांनी कपाळ पाहिलं, मिशा पाहिल्या, गाल पाहिले.

"बाप्पा! केवढे बुढे झाले वो तुमी!"

"मंग! झालो ना!" काका हसत म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मलाही राहवेना. लग्न पुन्हा लावावं म्हणून मी फोटो हटवायला हात पुढे केला.

"राहू द्या मास्तर," काकू भिंतीवरची नजर न हलवता म्हणाल्या. "मले अजून पाहाचं हाय."